सरकलेले रंग

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. कुणी असलं काही सांगू लागलं की पहिली टिंगल मीच करायचो. तेव्हा आता तुम्ही माझी करा, हक्क आहे तुमचा.

आम्ही म्हैसूरचे, मंडी मोहल्ल्यातले. पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणारे. घरात मराठी, तीही निम्मी कन्नड. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, उमेदीत लाकडी ठशांनी कापड छापलं. मी व्हिडिओ एडिटर. माझं काम म्हणजे चांगलं चित्र बिघडवायचं — लाल, हिरवा, निळा वेगळे करून जरासे सरकवायचे, की माणूस फाटल्यासारखा दिसतो. ग्लिच म्हणतात त्याला. गाण्यांच्या व्हिडिओत फार चालतं.

अप्पांना ते बघवायचं नाही. मला ते 'मगा' म्हणायचे, कन्नडात पोरा. "रंग सरकलाय की रे, मगा. असा ठसा पडला असता तर माझ्या बापानं कान उपटला असता. जागेवर बसव." हे बोलतानाच एकदा मी त्यांचं शूटिंग केलं. अकरा सेकंद. शेवटी माझा आवाज — "तुम्हाला नाही कळायचं, अप्पा."

महिनाभरात ते गेले... त्यांचा आवाज असलेला तेवढाच व्हिडिओ उरला.

आणि मी गाढवानं काय करावं? एका गाण्यासाठी इफेक्ट तपासायला समोर दिसला म्हणून तोच घेतला. सेव्ह करताना 'जुनी फाईल बदलू का' असं विचारलं, सवयीनं हो म्हटलं. दुसरी कॉपी नव्हती, जुना फोनही गेलेला. अप्पांचा चेहरा तीन रंगांत फाटला तो फाटलाच. आईला सांगायची हिंमत झाली नाही.

वर्षश्राद्धाची जेवणं आटोपल्यावर आई म्हणाली, "अप्पांचा तो व्हिडिओ लाव." मग सांगावंच लागलं. ती रागावली नाही. "असेल तसा लाव," म्हणाली.

लावला. मागची भिंत, कॅलेंडर, खुर्ची — सगळं सरकलेलं, मी केलं होतं तसंच. फक्त अप्पा जागेवर. केसाएवढी फट नाही.

"रंग बसलाय, अल्वा? बसलाय ना?" आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. मीही रडलो.

फाईलवर तारीख मी बिघडवली त्याच दिवसाची. एकेक फ्रेम हातानं दुरुस्त केली तर असं करता येतं, मान्य. पण कॉम्प्युटरला हात माझाच. माझ्या लाईनमधल्या चौघांना दाखवलं, हे कसं झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

आई रोज दुपारी तो व्हिडिओ बघते. दहा सेकंद अप्पा बोलतात, अगदी स्वच्छ. मग शेवटी माझं ते वाक्य येतं. ते मात्र होतं तसंच आहे.