ओल्या कुत्र्याचा वास

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची मुलगी नुकतीच आंघोळ घातलेल्या कुत्र्याला घेऊन शिरली. म्हणाली, "सॉरी काका, वास येतोय ना?"

येत होता. मे महिन्यातल्या रविवारी जांभूळ गावाजवळ नदीत डुंबून आल्यावर राजाच्या अंगाला यायचा, तोच. राजा भटका कुत्रा, तसा कुणाचाच नव्हता. आनंदनगरच्या चहाच्या टपरीपासून आम्हा तिघा मित्रांच्या सायकलींमागे धावत यायचा. अशाच एका रविवारी काठावरचे खडक नुसते भाजत होते, झाड एकही नव्हतं. तो ओलाचिंब येऊन आम्हा तिघांच्या सावलीत आडवा झाला. आमच्यामध्ये फट राहिली की ऊन नेमकं त्याच्या तोंडावर पडायचं.

"जवळ सरक ना यार, राजाला ऊन लागतंय," श्याम मला म्हणाला. मग मी, श्याम आणि अनिल खांद्याला खांदा लावून, घामाने चिकटत, राजाची झोप होईपर्यंत बसून राहिलो. मी वैतागलो होतो.

आता श्याम पुण्याला असतो, अनिलचा फोन दिवाळीला येतो. जवळ सरक, असं मला कुणी म्हटल्याला कित्येक वर्षं झाली.

माझा मजला आला. कुत्रा माझ्या पायाला टेकून उभा होता. दार उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"काका, तुम्हाला उतरायचं होतं ना?"

"राहू दे," मी म्हणालो. "वरपर्यंत येतो."