आंब्याचं लगीन

मुंगळेबाई मुलांना अरे-तुरे करीत आणि मुंगळ्यांना मात्र अहो-जाहो. मानेवर एखादा चढून कडकडून चावला, तरी त्यांचा हात कधी चापट मारायला उठला नाही. दोन बोटांत अलगद धरून त्या त्याला खोडावर सोडत आणि म्हणत, "वाट चुकलात. इकडून जा." त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा "मुंगळे म्हणजे कुठले हो?" असं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आंब्यावरचे."

अकोले गावाच्या पश्चिमेला, राजूरच्या वाटेवरच्या एका शाळेत मी मराठी शिकवायला गेले, तेव्हा त्या तिथे विज्ञान शिकवत होत्या. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. शाळेच्या अंगणात जुना आंबा होता आणि त्यावर तांबड्या मुंगळ्यांची पानांची घरटी.

ती घरटी शिवताना पाहायला मला बाईंनीच शिकवलं. मुंगळे एकमेकांची कंबर धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा ओढून जवळ आणतात. पण मोठ्यांजवळ धागा नसतोच. मग ते आपली अळी जबड्यात धरून आणतात आणि या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. तिच्या तोंडातून रेशीम येतं. "ते रेशीम तिच्या स्वतःच्या कोशासाठी असायचं," बाई सांगत. "ही सगळं घराला देते आणि आपण उघडी राहते." हे सांगताना दरवेळी त्यांचा आवाज बदलायचा. मी तर मुंगळे सोडून बाईंकडेच बघत बसे.

मग तो मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा आला. त्यातच नव्या वर्गखोलीसाठी आंबा तोडायचं ठरलं. मुलं व्हरांड्यात बसत होती, खोली हवीच होती, त्यामुळे बाई भांडल्या नाहीत. नुसत्या जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी आटलेल्या विहिरीचा दोर सोडवून आणला आणि आंब्यापासून पलीकडच्या जांभळापर्यंत ताणून बांधला. जांभळावर मुंगळ्यांचं दुसरं घराणं नाही, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. असतं, तर दोघांत मारामारी जुंपली असती.

हंडे घेऊन झऱ्याकडे निघालेल्या बाया थांबल्या. सखूबाई म्हणाली, "अवो बाई, दोरा वडाला बांदत्यात, आंब्याला न्हाई!"

"आंब्याचं जांभळाशी लगीन लावतेय," बाई हसून म्हणाल्या.

एरवी थट्टा तिथेच संपली असती. पण त्या वर्षी पावसासाठी माणसं काय काय करत होती. संध्याकाळपर्यंत दोन्ही झाडांना हळदकुंकू लागलं, आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन आलेला धोंडिबा अडून बसला. "लगीन लागल्यालं झाड म्या न्हाई तोडनार!"

झाड वाचलं होतं. मी बाईंना कोपरानं ढोसलं, म्हटलं आता गप्प बसा. त्या झाडावर त्यांचा किती जीव होता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या क्षणभर वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "धोंडिबा, लग्नबिग्न काही नाही. मी थट्टा केली. हा मुंगळ्यांना जायला पूल आहे. वर्गात मुलांना एक सांगायचं आणि अंगणात दुसरं, हे मला जमायचं नाही."

मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्या फार मोठ्या वाटल्या.

धोंडिबानं लांबच्या फांदीवर घाव घातला. मुंगळे उधळले, त्याला चावले, आणि थोड्या वेळानं दोरावर तांबडी रांग लागली. कित्येकांच्या तोंडात पांढरी अळी होती. तो कुऱ्हाड टेकवून पाहत राहिला.

"लेकरं घिऊन चालल्यात व्हय?"

"हो."

"मंग दमानं घेतो."

दोराची फांदी त्यानं अगदी शेवटाला ठेवली आणि दिवसाचं काम आठवडाभर पुरवलं. आंबा पडला तेव्हा जांभळाच्या शेंड्याला नवी पानं शिवून झाली होती. सखूबाई बाईंवर रुसली होती, तीही बघायला आली आणि म्हणाली, "लगीन खोटं म्हनता, पर वऱ्हाड तर आलं की!" बाई तेव्हा हसल्या, आणि मग पदरानं डोळे पुसले.

पुढं त्यांची बदली झाली. जाताना जांभळाखाली उभ्या राहून त्यांनी "येते हं" म्हटलं. त्या वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

मध्यंतरी त्या शाळेत गेले होते. जांभळावर घरटी अजून आहेत. मान वर करून बघत होते, तोच मानेला कडकडून चावा बसला. हात उठला आणि तसाच थांबला. त्याला दोन बोटांत धरून मी खोडाशी नेलं.

"वाट चुकलात," मी म्हटलं. "इकडून जा" हे मात्र नुसतं बोटानं दाखवलं.