लोटा, दोर आणि जीवाणी

सिक्युरिटी इन्स्पेक्टर दुबेंनी पितळेचा लोटा माझ्या टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी सुती दोराचं वेटोळं ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, इसमें जीवाणु हैं. महिला ने खुद कबूल किया है."

मी विचारलं, "कोणती महिला?"

"बाहर बैठी है. तालाब की तरफ जा रही थी. नाम पूछा तो बोली, पहले लोटा दो."

मी तेव्हा भिलाईच्या एका टोकाला असलेल्या एका कारखान्यात ज्युनिअर केमिस्ट होते. कारखान्याची स्वतःची कॉलनी होती, स्वतःचा तलाव होता आणि तलावाचं पाणी साफ करायला फिल्टर हाऊस होतं. पाणी आधी वाळूच्या थरांतून गाळायचं, मग त्यात क्लोरीन सोडायचा, मग पंपाने उंच टाकीत चढवायचं. टाकीतून घरोघरी नळ. माझं काम रोज सॅम्पल घेऊन रिपोर्ट लिहायचं. सात वर्षं मी एकच शब्द लिहीत होते, 'समाधानकारक'.

पिण्याच्या तलावाला तारेचं कुंपण होतं आणि 'प्रतिबंधित क्षेत्र' अशी पाटी होती. तिथे एक बाई लोटा, दोर आणि जीवाणू घेऊन निघाली होती. दुबेंच्या नोकरीत एवढी मोठी केस पहिल्यांदाच आली असावी. त्यांनी रजिस्टरमध्ये 'पेयजल में जीवाणु मिलाने का प्रयास' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी बाहेर गेले. कडुनिंबाखाली सत्तरीच्या एक बाई ताठ बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, हातात काही नाही. ऊन तापायला लागलं होतं.

"काकू, लोट्यात काय आहे?"

"जीवाणी हाये, बाई. मी त्याले तीनदा सांगतलं. त्यानं काय लिवलं त्याले मालूम."

मला शब्द माहीत नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं. त्या जैन. कारंज्याकडच्या खेड्यातल्या. त्यांच्या घरी पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळल्याशिवाय कोणी पीत नाही. फडक्यावर बारीक जीव अडकतात. ते फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानेच लोट्यात धुवायचं. ते धुतलेलं पाणी म्हणजे जीवाणी. ती ज्या विहिरीची, त्याच विहिरीत परत सोडायची. तीही वरून फेकायची नाही, आपटून जीव मरतात. म्हणून लोट्याच्या बुडाला कडी असते. दोराने लोटा पाण्यापर्यंत उतरवायचा आणि बुडाची कडी वर ओढून हळूच कलता करायचा.

"गावात इहीर होती, सोपं होतं," त्या म्हणाल्या. "इथं नळ. मी पोराले इचारलं, हे पानी येते कुठून? तो म्हने तलावातून. मंग जीवाणी तलावातच गेली पायजे."

"रोज तुम्ही इथे येता?"

"नाई. रोज तो नेते, ऑफिसले जाता जाता. महिनाभर नेला लोटा. काल समजलं, तो ऑफिसच्या कुंडीत ओतते. कालपासून मी पानी नाई घेतलं. आज सोतानं सोडीन, मंगच घेईन."

"मुलगा कुठल्या ऑफिसात आहे?"

त्यांनी समोरच्या इमारतीकडे बोट केलं. पाणीपुरवठा विभागाचे प्रमुख डोणगावकर साहेब त्यांचे चिरंजीव होते. म्हणजे माझे साहेब, आणि या बाबतीत दुबेंचेही.

मी आत येऊन दुबेंना सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडून त्या दोन रेघांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "लेकिन मॅडम, रजिस्टर में चढ़ गया है. अब लॅब रिपोर्ट के बिना लोटा नहीं छोड़ सकता."

मला रिपोर्ट पाच मिनिटांत लिहून मोकळं व्हायचं होतं. फिल्टरच्या पाण्यात डोळ्यांना दिसणारा जीव निघायलाच नको. वाळू अडवते, वाचलंसुरलं क्लोरीन संपवतो. 'काही आढळले नाही' हे वाक्य मनात तयार होतं. तरी नियम म्हणून एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला.

थेंबात गर्दी होती. एका डोळ्याचे, शेपटीचे झिंग्यासारखे बारीक जीव टुणटुण उड्या मारत होते. लोट्यात वाकून पाहिलं तर साध्या डोळ्यांनाही दिसत होतं. तळाला दोन तांबड्या अळ्या वळवळत होत्या, केसाएवढ्या जाड.

हे एका घराचं एका सकाळचं पिण्याचं पाणी होतं.

आमचा लॅब अटेंडंट दुकालू, पन्नाशीचा माणूस, त्याला मी सायकलवर साहेबांच्या क्वार्टरला पाठवून बाटलीभर नळाचं पाणी मागवलं. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते पाहायला एका औषधाचे थेंब टाकतात. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. मी थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. पुन्हा टाकले. तसंच. मग फिल्टर हाऊसच्या नळाचं पाणी घेतलं. ते लगेच पिवळं झालं.

तेव्हा कळलं. मी रोज सॅम्पल घ्यायचे ते फिल्टर हाऊसच्या नळाचं. लॅबपासून दहा पावलांवर होता म्हणून. आमच्याकडून पाणी शुद्धच निघत होतं. बिघाड पुढे टाकीत होता, आणि टाकीवर चढून सात वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. कॉलनीत महिनाभर पोटं बिघडत होती. दवाखाना ते आंब्यांवर ढकलत होता. आम्हीही.

मी लोटा उचलून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. काकू माझ्या मागे आल्या, कारण लोटा माझ्या हातात होता. दुबे काकूंच्या मागे आले, कारण लोटा अजून त्यांच्या ताब्यात होता.

साहेबांनी आधी आईकडे पाहिलं, मग लोट्याकडे. "आई, तू इथं कावून आली?"

आईने लोट्याकडे बोट केलं. मी रिपोर्ट सांगितला. साहेब खुर्चीत मागे टेकले.

"टाकी मार्चमध्ये साफ झाली आहे," ते म्हणाले. "सर्टिफिकेट फाइलला आहे. माझी सही आहे."

"सर, तुम्ही वर चढला होता?"

"कॉन्ट्रॅक्टरने लिहून दिलं होतं." मग म्हणाले, "तुम्ही सध्या 'तपासणी चालू' असं लिहा. मी बघतो."

काकूंनी विचारलं, "टाकी तू पायली का?"

"नाई."

"जीवाणी तलावात टाकली का?"

"नाई."

"मंग सही कायची केली?"

साहेब उठले, पंखा बंद केला आणि म्हणाले, "चला, टाकीवर."

चाळीस फूट उंचीच्या लोखंडी शिडीने साहेब चढले, मागोमाग मी चढले. वरचं झाकण जागेवर नव्हतं. कोणी तरी ते नेऊन कशाला तरी वापरलं असावं. जास्तीचं पाणी बाहेर पडायच्या पाइपची जाळी गंजून गळून पडली होती. तळाला बोटभर गाळ दिसत होता आणि पाण्यात लोट्यातलंच जग हजारपटीने नांदत होतं. सगळा क्लोरीन तो गाळच खात होता. साहेब बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "माझी आईसुद्धा इथं येऊन हेच पाणी पिते." तिथे आणखी तीनशे घरं पीत होती, पण ते मी बोलले नाही. त्यातली एक माझी होती.

खाली उतरून त्यांनी हुकूम दिला: कॉलनीत पाणी उकळून प्यायची दवंडी, आजच टाकी रिकामी, आत ब्लीचिंग. काकूंनी विचारलं, "रिकामी म्हंजे पानी कुठं जाते?"

"नालीत."

"नालीत नाई. लोट्यातले सोडतो अन् टाकीतले मारतो का?"

साहेबांनी आईला पुष्कळ समजावलं. तीनशे घरांचा प्रश्न आहे, आजारी पडतील. काकू म्हणाल्या, "मी साफ नको करू म्हनून नाई राहिली. गाळून कर म्हनून राहिली." आणि त्यांनी तोंड घट्ट मिटलं. कालपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ओठ सुकले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "मेश्राम मॅडम, इंडेंट लिहा."

मी स्टोअरच्या मागणीपत्रावर लिहिलं: मलमल, चाळीस मीटर. स्टोअरवाल्याने फोन केला की प्रयोजनाचा रकाना रिकामा आहे. मी 'गाळण्यासाठी' लिहिलं. तो म्हणाला, काय गाळण्यासाठी? मी म्हटलं, जीव. त्याने फोन ठेवला. मग साहेबांनी स्वतः सिविक सेंटरच्या बाजारात जीप पाठवली.

टाकीच्या तळाच्या व्हॉल्वला दुहेरी मलमल बांधून पाणी हळूहळू सोडायला सुरुवात झाली. कापडाची झोळी पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुडवून ठेवली, म्हणजे कोणी कोरडं पडू नये. काकू खुर्ची टाकून समोर बसल्या. झोळी कधी उलटायची, कशी धुवायची ते सांगत होत्या. इंजिनिअर, फिटर, दोन हेल्पर, सगळे त्यांच्या सूचनेने काम करत होते.

मधेच त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात पानी गाळतेत का?"

"आम्ही बौद्ध आहोत, काकू. माठाला फडकं असते. बाबा सांगतात, भिक्खूंजवळ ज्या आठ वस्तू असतात, त्यात पाणी गाळायचं फडकं असते."

"मंग बराबर. तू चांगलंच काम करून राहिली."

मी सात वर्षं काय करत होते ते त्यांना माहीत नव्हतं. मला राहवलं नाही. मी सांगितलं, "काकू, मी रोज क्लोरीन सोडते. त्यात जीव मरतात. आज आत ब्लीचिंग घासतील, त्यातही राहिलेले मरतील."

त्या म्हणाल्या, "संसारात बसून सगळंच नाई वाचवता येत. पानी उकळते तेव्हाही मरतेच. पन मुद्दाम मारू नये, अन् दिसते तेवढं वाचवावं. लेकरं आजारी पडू नाई म्हनून तू टाकते. त्याचं मी सांजच्याले प्रतिक्रमणात पाहून घेईन."

प्रतिक्रमण म्हणजे दिवसभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागणं. कारखान्याच्या क्लोरीनचा हिशेब त्यांनी आपल्या प्रार्थनेत सामावून घेतला, हे मला फार अवघडल्यासारखं वाटलं.

दुपारी दोन ड्रम भरले. तलाव कुंपणापलीकडे होता, म्हणून गेट पास लागणार होता. दुबेंनी फॉर्म काढला.

"मटेरियल?"

"सूक्ष्म जीव."

"कितने नग?"

"मोजता येत नाहीत."

"अंदाज से गेट पास नहीं बनता, मॅडम."

शेवटी 'ड्रम, दोन नग, भरे हुए' असं ठरलं. पुढचा रकाना होता, माल परत येणार की नाही. दुबेंनी पेन थांबवून काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "नळानं आलेच तर येतीन." दुबेंनी 'वापसी संभव' लिहिलं आणि शिक्का मारला. लोट्याचा वेगळा पास बनला. त्यावर माझा रिपोर्ट जोडला: 'सजीव. मूळ स्थानी सोडण्यास हरकत नाही.'

तलावाच्या काठी पायऱ्या होत्या. ड्रम कलते करून हळूहळू सोडले. दुकालू पाण्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एमा मछरी मन हे. सब्बो ला खा डारहीं." तलावात मासे आहेत, सगळे खाऊन टाकतील.

साहेबांनी आईकडे पाहिलं. काकूंना छत्तीसगढी समजली होती.

"मासोळीचं मासोळीजवळ," त्या म्हणाल्या. "आपन आपलं पाहावं."

मग त्यांनी लोटा मुलाच्या हातात दिला. साहेब बूट काढून गुडघाभर पाण्यात उतरले. दोराची गरजच नव्हती, तरी त्यांनी दोर धरला, लोटा टेकवला आणि हळूच कलता केला. काकू डोळे मिटून काही तरी पुटपुटल्या. जीपमध्ये त्यांच्यासाठी गाळलेलं, उकळलेलं पाणी ठेवलं होतं. त्या ते बसून, थांबून थांबून प्याल्या. साहेब शेजारी ओल्या पँटमध्ये उभे होते. म्हणाले, "कुंडीचं मी चुकलो." त्या म्हणाल्या, "हो."

टाकीला तिसऱ्या दिवशी नवं झाकण बसलं आणि ओव्हरफ्लोला जाळी लागली. साहेबांनी मार्चच्या सर्टिफिकेटवर आपल्याच हाताने 'प्रत्यक्ष पाहिले नव्हते' असं लिहून खाली सही केली. वरच्या ऑफिसातून त्यांना मेमो आला. मलाही आला, माझ्या सात वर्षांच्या 'समाधानकारक'बद्दल. दोन्ही योग्यच होते. पंधरा दिवसांत कॉलनीतली पोटं ताळ्यावर आली. आंबे अजून चालू होते.

मी सॅम्पलची पद्धत बदलली. आठवड्यातून एकदा कॉलनीच्या शेवटच्या घराच्या नळाला दुहेरी मलमल बांधायची, सकाळभर पाणी वाहू द्यायचं, मग फडकं धुऊन बघायचं. बाटलीत मावतं अर्धा लिटर, फडक्यातून जातं घरभराचं पाणी. पुढे एक तपासणी अधिकारी आले. त्यांनी विचारलं की ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे. मी 'स्थानिक पद्धत' असं लिहून दिलं. त्यांनी मान्य केलं.

नंतर मी पुष्कळ ठिकाणी नोकरी केली. नव्या केमिस्टला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते. रिपोर्ट बाटलीतल्या पाण्याचा असतो, लोक पितात त्या पाण्याचा नसतो. जवळच्या नळाचं सॅम्पल घेतलं की पाय दुखत नाहीत, एवढाच त्याचा फायदा.