हळद उरकल्यावर सापडलेले धवले

आज दुपारी मुरबाडजवळच्या आमच्या गावी आत्तेबहिणीची हळद झाली. डीजे वाजला. तो माझ्यामुळे वाजला, म्हणून हे लिहिते आहे.

आत्याला हळदीला गावातल्या धवलारणीचा आवाज हवा होता. लग्नात धवले गाणाऱ्या त्या बाई आता हयात नाहीत. गावातल्या कोणीतरी त्यांचं रेकॉर्डिंग फाइल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरवर ठेवलंय, असं आत्याने ऐकलं होतं. गेल्या आठवड्यात मी शोधलं आणि सांगून टाकलं, "नाहीये."

आज संध्याकाळी पुन्हा पाहिलं. सर्च फिल्टर चालूच होता: फक्त एमपीथ्री, जास्त बिटरेट, मोठी फाइल. चांगल्या दर्जाची गाणी मिळावीत म्हणून मीच तो लावला होता. फिल्टरमुळे काही निकाल लपवले आहेत, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. फिल्टर काढताच फाइल दिसली. जुन्या कीपॅड फोनवरची, अगदी लहान.

आत्याला ऐकवली. तिने पिवळ्या हातांनी फोन धरून ती शेवटपर्यंत ऐकली.

"आत्या, मी नीट शोधलं नव्हतं."

"तू ‘नाय’ बोललीस ना गो, मंग मी तिच्या लेकीलापन इचारला नाय. बोल्लं, शिकलेली पोर सांगते म्हंजे नसंलच."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

उद्या लग्नाला त्या बाईंची लेक येणार आहे. हळदीला आईचे धवले का लावले नाहीत, असं तिने विचारलं, तर आत्या माझं नाव घेणार नाही. मलाच बोलावं लागेल. तुम्ही काय सांगितलं असतं?