झोपाळ्याच्या चार कड्या

हे पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडतंय, तेव्हा मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या. आधी त्यातला हसण्यासारखा भाग सांगते. तो सांगायला धीर लागत नाही.

रोह्याच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या छताला, मी गणपतीची प्रभावळ लावून घेतली होती. खरंच सांगते. मूर्तीच्या पाठीमागे नक्षीची कमान असते ना — दोन बाजूंना मोर, कमळांची वेल, वर सूर्याचं तोंड — तीच. एक नाही, दोन. एकमेकींना पायाशी जोडून मोठा गोल केलेला, गुलाबी आणि सोनेरी, आणि मधून पंखा लटकलेला. पंखा तीनवर केला की मोर हलल्यासारखे वाटायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, तेव्हा शेजारच्या वहिनींनी वर पाहिलं आणि नकळत हात जोडले. मी काय समजले असेन? मी समजले, घराला किती शोभा आली.

हे ब्याण्णव-त्र्याण्णवमधलं. मी तेव्हा चाळिशीची होते, म्हणजे लहान म्हणून सोडून द्यावी अशी मुळीच नव्हते.

आता हे उकरण्याचं कारण — माझ्या नातीनं पनवेलला फ्लॅट घेतलाय. रोज फोनवर फोटो दाखवते. आजी, ही भिंत अशी करू का, आजी, ह्या दिव्यांवर पैसे घालवण्यात अर्थ आहे का, तुझा अनुभव सांग ना. अनुभव! मी तिला ऐटीत सांगते. मोझॅकची फरशी घेतलीस तर पैसे वसूल, आमची अजून पायाला गार लागते. मखमली सोफा कोकणात घेऊ नये, श्रावणात त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास येतो. भिंतभर डोंगर-धबधब्याचं चित्र चिकटवू नये — आमच्या भिंतीला ओल आली आणि दुसऱ्या वर्षी धबधबा खरंच पाझरायला लागला. काचेच्या शोकेसमध्ये बाहुल्या ठेवल्या होत्या, त्यांच्यामागं पालीचा संसार वाढला. नात खो-खो हसते. तिला वाटतं, आजीनं सगळं सांगितलं.

सगळं कुठं सांगितलं?

मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, "आजी, डिझायनर म्हणतोय हॉलमध्ये झोपाळा छान दिसेल. हल्ली सगळे लावतात. महाग आहे, पण घेऊ का?" — आणि मी फोन ठेवला. रेंज गेली म्हणून सांगितलं. एकाहत्तराव्या वर्षी मी रेंजवर ढकललं. बघा, सवय किती जुनी आहे.

तर थोडं मागून येते.

माझं माहेर पेण. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे, भाऊ सदू साचे काढायचा. सोवळ्याचा पिवळा, शेल्याचा लाल, कानामागची गुलाबी छटा — हे बघत मी वाढले, म्हणून रंगातलं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती. ह्यांचीही होती. हे धाटावला कंपनीत. एका वर्षी बोनस चांगला झाला आणि हे म्हणाले, घराला काय करायचं ते तू ठरव, तू पेणची. बाईच्या हातात पैसे आणि वर असं प्रमाणपत्र — मग काय विचारता.

त्याच सुमारास कंपनीच्या साहेबांच्या बंगल्यावर आम्हा बायकांना चहाला बोलावलं होतं. तिथं मी पहिल्यांदा पीओपीचं छत पाहिलं. पांढरंशुभ्र, कडेला नाजूक वेल. चहा पिताना मी खाली बघितलंच नाही, निम्मा बशीत सांडला. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. पीओपी? अहो, आमच्या पेणला पीओपीच्या गोणींवर तर माणसं बसतात. सदूला निरोप धाडला. गणपती उरकले की कारखान्यात महिनाभर जरा निवांत असतं, तो त्याचे साचे घेऊन आला. साचे कसले असणार? त्याच्याकडे होते तेच. म्हणून ती प्रभावळ.

इथपर्यंत हसा. पुढं मला हसता येत नाही.

माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायच्या. मी त्यांना आई म्हणायचे. त्यांचं गाव वडखळच्या पुढं, खाडीकाठी. सगळं तरुणपण मिठागरात गेलेलं — उन्हात, खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढण्यात. पायांना कायमच्या भेगा आणि गुडघे पार गेलेले. जमिनीवर बसल्या की उठायला कुणाचा तरी हात लागायचा, आणि हात मागणं त्यांना आवडायचं नाही. म्हणून घर बांधताना ह्यांनी बाहेरच्या खोलीच्या स्लॅबमध्ये चार कड्या सोडून घेतल्या होत्या. झोपाळा आईसाठी. त्याची रुंद फळी गावाहून आणलेली. त्याच्यावर बसलं की त्यांना कुणी लागत नसे. पायाच्या अंगठ्यानं हलकेच रेटा द्यायच्या, मांडीवर ताट, ताटात भिजलेले वाल. सोलता सोलता येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी. बिरड्याची आमटी मी खायची, आणि सोललं कुणी हे कधी मनात आणायचं नाही.

सदू म्हणाला, "ताई, कड्यांना भोकं ठेवतो. कमळाच्या मधून साखळ्या येतील, उलट झकास दिसेल."

मी म्हटलं, नको. कड्या काढ.

का? — साहेबांच्या बंगल्यात झोपाळा नव्हता, हे एक. पण ते नुसतं वरवरचं. खरं सांगायचं तर — सांगतेच आता — गुडघ्यापर्यंत काष्टा मारलेली, भेगाळल्या पायांची, वाल सोलणारी म्हातारी मला माझ्या गुलाबी-सोनेरी छताखाली नको होती. झोपाळा गेला की ती आपोआप आतल्या खोलीत जाईल, असा माझा हिशेब होता. कुणाला बोलायला नको, वाईट व्हायला नको.

आणि मी खोटं बोलले. ह्यांच्यासमोर, आईंच्यासमोर, अगदी काळजीच्या सुरात. म्हटलं, सदू म्हणतोय कड्या आतून गंजल्यात, कधी निसटतील नेम नाही, आईंच्या डोक्यात काही पडलं तर? सदू तेव्हा पेणला उरलेले साचे आणायला गेलेला, त्याला विचारणार कोण? ह्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट संपवून येताना हे स्वतः करवतीची नवी पाती घेऊन आले. आईच्या जिवाच्या काळजीनं. सदू परतल्यावर त्या पात्यांनी त्यानं चारी कड्या स्लॅबच्या बरोबरीनं कापल्या. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. एक तुकडा गडगडत त्यांच्या पायाशी गेला, तो त्यांनी उचलला, उलटसुलट केला आणि खिडकीत ठेवला. म्हणाल्या, "बरं केलंत." एवढंच.

झोपाळ्याची फळी मी मागच्या दारी धुण्याच्या दगडाशेजारी दोन विटांवर टाकली. पिळलेले कपडे ठेवायला. आई आपलं लुगडं तिथंच धुवायच्या.

दोन महिने त्यांनी सोफ्यावर बसून बघितलं. तो इतका खोल, की बसल्या की बुडायच्या आणि उठता येईना. एकदा शोकेसचा कोपरा धरून उठल्या, काचेवर त्यांची पाची बोटं उमटली. मी फडकं आणलं आणि त्यांच्यादेखत ती पुसली. तोंडानं काही बोलले नाही हं. काही बोलले असते तर निदान भांडण तरी झालं असतं.

मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "जाते गावाला. इथं जीव रमत नाय." आणि धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या.

तीन वर्षं.

त्या तीन वर्षांत ह्यांनी मला कितीदा विचारलं असेल — आईला आपल्याकडे काय कमी पडलं गं? जेवताना विचारायचे. कामावर निघताना, बूट घालता घालता विचारायचे. माणूस घर बांधताना आईसाठी कड्या ठेवतो आणि आईच राहत नाही, ह्याचं त्याला काय वाटत असेल? मी दरवेळी म्हणायचे, म्हाताऱ्या माणसाला गावाची ओढ असतेच हो. आणि पोळी वाढायचे. त्यांना वाटत राहिलं, आपलं घर आईला आवडलं नाही. वाटू दिलं मी. एक वाक्य बोलले असते तर ते ओझं त्यांच्यावरून उतरून माझ्यावर आलं असतं. म्हणूनच नाही बोलले.

पुढं माझी मुलगी बाळंतपणाला आली. आठवा महिना, पाय सुजलेले, आणि आल्या आल्या तिनं सगळ्या घरात फिरून बघितलं. म्हणाली, "आजी अजून गावालाच? माझ्या बाळाला आजीच न्हाऊ घालणार, तू नाही. तुला साबणाची वडीसुद्धा धरता येत नाही." खरंच होतं ते. हे पटकन उठून आत गेले. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी एसटीत बसले.

त्या बसमध्ये काय झालं ते सांगण्याआधी, पुढं काय झालं ते सांगते. आई आल्या. ज्या दिवशी आल्या त्या दिवशी ह्यांनी मला न विचारता मिस्त्री आणला आणि छतात नव्या कड्या बसवल्या — एक तर थेट मोराच्या पोटातून. दोन कमळं फुटली. फळी घासूनपुसून आत आली. ह्याच नातीला, आता पनवेलला भिंती रंगवतेय तिला, त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं आणि झोपाळ्यावर मांडीवर निजवलं. आई अकरा वर्षं आमच्याकडे राहिल्या, त्याच खोलीत गेल्या. त्या अकरा वर्षांत त्यांनी मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. टोमणे मारायच्या, ते निराळं. वर बघून म्हणायच्या, "कुंदे, तुझ्या मोराला आता पिल्लं व्हतील गो." मी हसायचे. आपल्याला हसता येतंय, ह्याचंच मला नवल वाटायचं.

आणि हे — हे शेवटपर्यंत माझ्याकडे जसे बघत आले तसेच बघत गेले. दोन वर्षं झाली. इस्पितळात माझा हात धरून म्हणाले होते, आईचं तू फार केलंस. मी तो हात सोडवून घेतला नाही. ते बघणं मी कमावलेलं नव्हतं. ते मला कुणीतरी दिलेलं होतं, आणि देणारीचं नाव मी ह्यांना सांगू शकत नव्हते. आज सांगतेय, कारण आता ऐकून दुखावणारं माणूस उरलेलं नाही. ह्यात धैर्य कसलं? तेही सोयीचंच.

तर ती बस. नागोठणं गेलं, गडब गेलं, आणि मी मनात एकच वाक्य घोकत होते — आई, कड्या गंजलेल्या नव्हत्या. वडखळला उतरले, पुढं रिक्षा केली. दुपार होती. जाऊ शेतावर गेलेली, घरात कुणी नव्हतं. आई ओटीच्या उंच पायरीवर बसून कोळंबी साफ करत होत्या. मला बघून त्यांनी हात धुतले, पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पाणी प्यायले. मुलगी आल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की माझं घोकलेलं वाक्य पार विसकटलं. तरी मी सुरुवात केली. "आई, त्या कड्या —" एवढंच म्हटलं. डोकं खाली घालून त्यांच्या पायांवरच्या भेगांकडे बघत उभी राहिले.

त्यांनी घाई केली नाही. कोळंबीचं भांडं झाकलं, भिंतीला हात लावून उठल्या. तेव्हा त्या जे बोलल्या ते मी एक शब्द न बदलता सांगते:

"मिठागरात जल्म गेला माझा, गंजलेलं लोखंड मी बघितलेलं नाय व्हय गो? तो तुकडा आतून पार चांदीवानी व्हता, मला तवाच कळलं. पण माझ्या पोराला ह्यातला एक शबूद सांगू नको — तो तुला घरात ठेवील, पण तुझ्याशी बोलायचा नाय, आणि तसल्या घरात मी येऊन काय करू? त्याला मी सांगते, गावात करमंना म्हणून आले. आत खुंटीवर माझी पिशवी हाय, ती घे. पोरीला आठवा लागला ऐकलं तवाच, चार दिवस झाले, भरून ठेवलीय."