तंजावरच्या भिंतीवरचं मराठी

हरिबामामांची औषधांची पिशवी मी गाडीच्या टपावर ठेवली, पाण्याची बाटली भरून घेतली आणि ऐटीत गाडी काढली. पिशवी टपावरच राहिली हे माझ्या लक्षात आलं तमिळनाडूत, सेलमच्या पुढे. तोवर पिशवी कर्नाटकातल्या कुठल्यातरी धाब्याबाहेर उतरली असणार. तिच्यात मामांचा दम्याचा पंप होता.

मामांचा दमा कमाईचा आहे. कवठे महांकाळकडची माणसं जुनं सोनं आटवायला देशभर जातात. आमच्याकडे त्याला गलाई म्हणतात. मामा मिसरूड फुटायच्या आत तंजावरला गेले आणि उमर तिथल्या एका बोळात, भट्टीपुढे, ॲसिडच्या वाफेत काढली. घर बांधलं, दोन बहिणी उजवल्या, तमिळमध्ये भांडायला शिकले. गावी परतल्यावर वाचनालयाचा नाद लागला. तिथल्या एका पुस्तकात निघालं की तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय.

"जयराज, आरं त्या देवळामागंच आमचं दुकान! आन् मी कवा आत गेलो न्हाई." जणू मीच त्यांना दारात अडवलं होतं.

"आवं, मग सोनं कुणी आटवायचं हुतं?" मामी म्हणाल्या. मला मात्र बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "नेतूयास तसा माणूस परत आण."

आणि आता पुढच्या ट्रकने धूर सोडला, मामांना उबळ आली. "पिशवी दे." मी सीटखाली हात घातला, डिकी उपसली, मग टपाकडे बघितलं. मामांना सगळं कळलं, पण ते शिवी देईनात. तिथं माझी टरकली. शिवीची संधी सोडणारा हा माणूस नव्हे.

छातीतून शिट्टी येऊ लागली, ओठ काळेनिळे पडले. हायवे सोडून मी एका गावात शिरलो. रविवारची दुपार. पहिलं मेडिकल बंद, दुसरं बंद. माणसं जमली, तमिळमध्ये भराभरा काहीतरी सांगू लागली. आमच्यात तमिळ येणारा एकच माणूस, आणि त्याला एक शब्द काढण्याएवढा श्वास नव्हता. मी छातीवर हात ठेवून अभिनय केला. एकाने मलाच पाणी पाजलं.

मामांनी माझी कॉलर धरली. "सोनार... गल्ली."

माणूस भ्रमला, मला वाटलं. पण त्यांचं बोट दागिन्यांच्या पाट्यांकडे होतं. गल्लीत अर्धं शटर, वर शिवाजी महाराजांचा फोटो. मी बोंबललो, "कोण हाय का आपलं?"

"हाय की! गाव कंचं?" म्हणत बनियनवरचा एक जण बाहेर आला. मामांकडे नजर गेल्यावर तो गाव ऐकायला थांबला नाही. आत जाऊन स्वतःचाच पंप घेऊन आला.

मामा पंप ओढत होते. मी पायरीवर बसलो होतो. शिट्टी थांबल्यावर मामा बोलले, "बरं झालं, मामी आली न्हाई. तिला बी टपावर ठिवली असतीस."

त्या माणसाचं नाव अर्जुना. माझ्यापेक्षा फार मोठा नसेल.

"तुला बी हाय व्हय, पोरा?" मामांनी विचारलं.

"असतंय की आपल्या धंद्यात. पंप घेऊन जावा, मी उद्या नवा आणतो." मी पाकीट काढलं तर त्याने हात मागे सारला. "पैसं नगं. कवठ्यात स्टँडमागं माझी आई असती. तिला एवढंच सांगा, पोराची तब्येत झकास हाय." मग तोंड वळवून खोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्या भिंतीपुढे उभे राहिले. बोट हवेत धरून, जुनी अक्षरं लावत, मोठ्याने वाचू लागले. ते थांबले की माझा हात खिशातल्या पंपाकडे जाई.

"आरं गड्या, वळ सपली म्हणून थांबलो. मेलो न्हाई."

एवढं जगप्रसिद्ध देऊळ, पण मी मामांची छाती तेवढी बघून आलो.

माणूस नेला तसा परत आणला. अर्जुनाला नवा पंप कुरिअरने पाठवला. त्यानंतर दोनदा मी कवठे महांकाळला गेलो, स्टँडमागे त्याचं घरही शोधलं. म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. "कुणाकडं आलायसा?" तिने विचारलं. मी भलतंच नाव सांगून परत फिरलो. झकास म्हटल्यावर ती विचारणारच, तू बघितलंस का त्याला? आणि मी त्याचा खोकला ऐकलाय. निरोप अजून माझ्याकडेच आहे.