तांडेलाचा नारळ

मासेमारीच्या बोटीवर तांडेल म्हणजे परमेश्वर, असं आमच्या पाचूबंदरात म्हणतात. आमच्या शेजारच्या तांडेलांनी हे पद तीस वर्षं सांभाळलं. या परमेश्वराला बोट लागायची. खाडीचं तोंड ओलांडलं की ते कठड्यावरून एकदा ओकत, तोंड पुसत आणि मग हुकूम द्यायला लागत.

खलाशी जव्हारकडचे, समुद्र कधी न पाहिलेले. त्यांना ते नारळावर शिकवत. असोला नारळ पाण्यात भिरकावून ओरडत, "मानूस पडला!" एकाने नारळाकडे हात रोखून उभं राहायचं, बाकीच्यांनी बोट फिरवायची. "नजर काढली का मानूस गेला. मी बोलीन तवाच हात खाली." कुणी हसलं तर म्हणत, "हस, हस. उद्या तूच नारळ हायेस." मिळालेला नारळ संध्याकाळी कालवणात जाई. शाळामास्तर म्हणून या शिकवणीबद्दल माझं मत चांगलंच होतं. वाटीभर कालवण आमच्याकडेही येई.

हात रोखण्यात लक्ष्मण सगळ्यांत पक्का. त्याचा थोरला भाऊ सोमा त्याच बोटीवर होता.

दोन वर्षांपूर्वी, मोसमाच्या शेवटी, वादळात सोमाच पडला. लक्ष्मणने हात रोखला. तांडेलांनी तीन फेरे मारले. तिसऱ्यात पाणी इंजिनापर्यंत आलं. बोटीवर अजून सात खलाशी होते. तांडेलांनी बोट किनाऱ्याकडे वळवली.

ती धक्क्याला लागली तेव्हा मी तिथे होतो. लक्ष्मण अजून समुद्राकडे हात रोखून उभा होता.

"तांडेल," तो म्हणाला, "हात खाली करू?"

 तांडेलांनी जवळ जाऊन तो हात स्वतःच खाली केला. सोमा सापडला नाही.

सात जीव वाचवल्याबद्दल पुढे त्यांचा सत्कार झाला. वक्त्यांनी त्यांना दर्याचा सिंह ठरवलं, शाल घातली, हातात श्रीफळ दिलं. कार्यक्रम संपेपर्यंत तांडेलांनी त्या नारळावरची नजर काढली नाही. वक्त्यांना तो विनय वाटला.

ते पुन्हा बोटीवर चढले नाहीत. "सात वाचले ना, तांडेल," मी एकदा म्हणालो.

"आकडे तुमी शिकवा, मास्तर. मी नारळ शिकवला."

यंदा ते गेले. श्रीफळ फळीवरच होतं. "चटनीला पन घेऊ दिला नाय," त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणाल्या. त्या घरात कालवणात न गेलेला तो एकच नारळ. तोवर तो नासला होता.